पट आणि हजर

माझ्या धंद्यात दिवस मोजण्याने सुरू होतो आणि मोजण्यानेच संपतो. बसच्या पुढच्या दारापासून शेवटच्या सीटपर्यंत माणसं मोजत जायचं, परत येताना पुन्हा मोजायचं. जाताना बेचाळीस आणि येताना एकेचाळीस भरले तर बस हलत नाही. एकोणीस वर्षं मी मराठी प्रवाशांना घेऊन युरोपात फिरते आहे. माणूस मागे राहिला असं एकदाच झालं. इन्सब्रुकच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर एक काका आइस्क्रीम खात उभे राहिले आणि त्यांच्या सीटवर ठेवलेल्या जाकिटालाच मी माणूस धरलं. तेव्हापासून मी डोकी मोजत नाही, चेहरे मोजते.

२०२५ च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी असेच बेचाळीस चेहरे घेऊन मी व्हेनिसला निघाले होते. बसमध्ये ‘गणपती बाप्पा मोरया’ झालं, मागच्या सीटवरून खाकऱ्याचा डबा पुढे आला, आणि मी माइकवर सांगायला घेतलं की आज काय काय करायचं नाही. पूर्वी मी काय बघायचं ते सांगायची. हल्ली निम्मा वेळ मनाईतच जातो. पुलाच्या पायऱ्यांवर बसून खायचं नाही. कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत. गल्लीत घोळका करून उभं राहायचं नाही. पंचविसांपेक्षा मोठा गट एका गाइडमागे चालत नाही, म्हणून आपले दोन गट. लाउडस्पीकरला बंदी, म्हणून कानातलं यंत्र काढायचं नाही. आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवलेला तो चौकोनी कोड, कुणी अडवलं तर दाखवायचा.

तो कोड म्हणजे शहरात शिरायचं तिकीट. २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पाच युरोंचं शुल्क लावलं. पहिल्या वर्षी ठरावीक २९ दिवस, दुसऱ्या वर्षी ५४. पहिल्या वर्षी सुमारे ४ लाख ८५ हजार लोकांनी ते भरलं. शहराच्या हद्दीत रात्र काढणाऱ्याला ते माफ आहे. आमचा मुक्काम नेहमीप्रमाणे पादोव्याला, कारण तिथे खोली स्वस्त आणि बस थेट हॉटेलच्या दारात लागते. म्हणजे आम्ही दिवसापुरते. दुसऱ्या वर्षापासून आणखी एक मेख आली: चार दिवस आधी भरलं तर पाच युरो, उशीर केला तर दहा. आमच्या ऑफिसात ते भरायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बेचाळीस जणांचे दहाप्रमाणे चारशेवीस युरो झाले. आकडाही कसा नेमका.

बसेस जिथे थांबतात त्या ट्रोंकेट्टो बेटावरून बोटीत बसवून माणसांना सेंट मार्क चौकाजवळ उतरवतात. हा अर्ध्या तासाचा प्रवास मला अजूनही आवडतो. पाण्यातून शहर वर येताना दिसलं की बसमध्ये अखंड बोलणारी माणसंसुद्धा गप्प होतात. पूर्वी याच कालव्यातून दहा-दहा मजल्यांची क्रूझ जहाजं जायची आणि मागची घुमटं, मनोरे सगळं झाकून टाकायची. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना तिथे मज्जाव झाला. त्याच बोटीवर एका काकूंनी मला विचारलं, “ताई, पाण्यात राहून यांची पेस्ट कंट्रोलची काय सोय असेल हो?” एकोणीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला. उत्तर मला अजून माहीत नाही.

उतरल्यावर पहिली रांग शौचालयाची. दीड युरो. “म्हणजे जवळजवळ दीडशे रुपये!” ही आरोळी प्रत्येक टूरवर उठते, आणि खरं सांगायचं तर शिरायचं शुल्क सोडलं तर त्या शहराच्या हाती आमच्याकडून थेट पडतं ते जवळपास एवढंच. हॉटेल पादोव्याचं, बस तिसऱ्याच देशातली, दुपारचं जेवण भारतीय हॉटेलात, आचारी बांगलादेशी. काचेच्या कारखान्यात अर्धा तास थांबा असतो. तिथे एखादी काकू हंस घेते. गोंडोलाचा दर ठरलेला, अर्ध्या तासाला नव्वद युरो, तो पाचांत वाटून घेतात. (पूर्वी सहा जण बसायचे. २०२० साली गोंडोलावाल्यांनी एक माणूस कमी केला, कारण पर्यटक जाड होत चाललेत असं त्यांचं म्हणणं होतं. हे मी गटाला उतरल्यावर सांगते, आधी नाही.)

त्या दिवशीची लोकल गाइड माझ्या चांगल्या ओळखीची. गेली अकरा वर्षं वर्षातून पाच-सहा वेळा भेटतो. ती कास्तेल्लो भागात जन्मली, तिथल्याच शाळेत गेली. आता राहते मात्र पुलापलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला. रोज सकाळी स्वतःच्या गावात कामाला येते. आईवडील गेल्यावर भावंडांत वाटणी झाली, घर विकलं गेलं, आणि आता तिच्या लहानपणीच्या खोलीला दाराशी किल्लीची पेटी लटकते. चार आकडे दाबले की पेटी उघडते, किल्ली घ्यायची, दोन रात्री राहायचं, किल्ली परत टाकायची. घरमालकाला भाडेकरू नको असतो, पाहुणा हवा असतो, कारण पाहुणा चार दिवसांत महिन्याचं भाडं देऊन जातो. चालता चालता ती बोट दाखवत होती: इथे पावाचं दुकान होतं, इथे खिळे-मोळे मिळायचे, इथे चपला शिवून मिळायच्या. तिन्ही ठिकाणी आता मुखवटे आणि चुंबकं. माझी माणसं मुखवट्यांचे फोटो काढत होती.

चौकात पोचल्यावर पन्नास मिनिटं मोकळा वेळ दिला. या वेळात मला एका जागी झेंडा घेऊन उभं राहावं लागतं, पण त्या दिवशी दुसऱ्या गटाचा गाइड थांबणार होता. गटात कागल तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक होते, जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं काढलेले. सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचे. त्यांच्या पत्नी गुडघे धरून घंटामनोऱ्याच्या सावलीत बसल्या होत्या. गुरुजींनी विचारलं, “बाई, हितं आणखी बघण्यासारखं काय हाय? दुकानं सोडून.”

मी त्यांना रिआल्टोच्या दिशेने नेलं. गर्दीतून वाट काढत पंधरा मिनिटं लागली. पुलाच्या अलीकडे सान बार्तोलोमेओ नावाचा छोटा चौक आहे. तिथे एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत लाल आकड्यांची पाटी लावलेली आहे. जुन्या व्हेनिसमध्ये आज किती माणसं कायमची राहतात, तो आकडा. २००८ साली पाटी लावली तेव्हा तो साठ हजारांच्या आसपास होता. १९५१ च्या सुमारास या बेटांवर पावणेदोन लाख माणसं नांदत होती. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली उतरला, आणि २०२३ मध्ये स्थानिक कार्यकर्त्यांनी हिशोब करून दाखवला की पर्यटकांसाठीच्या खाटा आता रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या आहेत.

मी हे सांगितलं. गुरुजी काही वेळ पाटीकडे बघत राहिले, मग खिशातली डायरी काढून त्यांनी तो आकडा उतरवून घेतला.

“बाई, हे आमच्या फळ्यासारखं झालं की,” ते म्हणाले. “शाळेत दारातच फळा असतो. वरती तारीख, सुविचार. खाली पट किती, हजर किती. मी लागलो तवा पट एकशे चाळीस. रिटायर झालो तवा एकोणीस. शेवटची दोन वर्षं शाळा बंद करतील म्हणून मी पोरं शोधत वस्त्यांवर फिरायचो.” मग आजूबाजूच्या गर्दीकडे हात करून म्हणाले, “हितं तेवढं उलटं हाय. हजर लाखभर, आणि पटावर कोणच न्हाई.”

माझ्या धंद्यातल्या परिषदा, अहवाल, ‘ओव्हरटुरिझम’ वगैरे शब्द, हे सगळं मी अनेक वर्षं ऐकत आले आहे. इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही परतलो तेव्हा बारा मिनिटं उशीर झाला होता, आणि मी स्वतःच उशिरा आल्यामुळे कुणाला बोलताही येईना.

लोकांना वाटतं गर्दी आपोआप होते. होत नाही, ती बनवावी लागते, आणि ती बनवणाऱ्यांत मी आहे. अकरा दिवसांत सात देश ही जाहिरात खपते, सात दिवसांत दोन देश ही खपत नाही. सात देश म्हटले की रोज तीनशे-चारशे किलोमीटर बस. ड्रायव्हरला कायद्याने साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावंच लागतं, दिवसाला साधारण नऊ तासांवर चालवता येत नाही, आणि त्याची बस हे सगळं स्वतः नोंदवत असते. त्याला मी दहा मिनिटं जास्त मागितली तर तो घड्याळावर बोट ठेवतो. मग वेळ कापायचा कुठून? शहरातून. म्हणून पॅरिसला एक दिवस, व्हेनिसला तीन तास, आणि पिसाला मनोऱ्याला टेकू देतानाच्या फोटोपुरता तास-दीड तास. सगळ्या कंपन्यांचं गणित असंच, त्यामुळे सगळ्यांच्या बसेस अकरा वाजता एकाच धक्क्यावर येऊन लागतात. मराठी, गुजराती, कोरियन, चिनी, अमेरिकन सगळे. मग शहर शुल्क लावतं. ॲमस्टरडॅमने जानेवारी २०२४ पासून मोठ्या बसेसना मध्यभागात शिरायलाच बंदी केली. आता आम्ही बाहेर उतरून ट्रामने जातो, आणि ज्यांचे गुडघे दुखतात ते बसजवळच थांबतात. बार्सिलोनाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांना दिले जाणारे सगळे फ्लॅट बंद करायचं ठरवलं आहे. त्याच शहरात २०२४ च्या जुलैत लोकांनी पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. ते व्हिडिओ आल्यावर मला आठवडाभर फोन येत होते: “ताई, आपल्यावर नाही ना उडवणार?”

मी एकदा ऑफिसात सुचवून पाहिलं होतं की व्हेनिसच्या आतच एक रात्र ठेवू. संध्याकाळी पाचनंतर बोटी परत गेल्या की ते शहर वेगळंच होतं. पाण्याचा आवाज येतो, कुणीतरी वरच्या मजल्यावर भांडी घासत असतं, म्हाताऱ्या बायका कुत्रं फिरवायला बाहेर पडतात. ऑफिसने हिशोब मांडला. माणशी खर्च बराच वाढला, शिवाय सत्तरीतल्या माणसांच्या बॅगा पुलांच्या पायऱ्यांवरून कोण नेणार? तरी एका हंगामात पर्याय म्हणून छापलं. कुणीही घेतलं नाही. त्यात चूक कुणाची म्हणायची? गुरुजींनी निवृत्तीच्या पैशातून आयुष्यात एकदाच युरोप बघायचं ठरवलं. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की एकच देश बघा आणि सावकाश बघा? पन्नास वर्षं ज्यांनी सगळं जग उन्हाळ्याच्या सुट्टीत सावकाश बघून घेतलं, त्यांनी आता आमच्या माणसांना गर्दी म्हणावं, हेही मला पटत नाही. १९५० साली जगभरात देशाची सीमा ओलांडून फिरायला जाणारे अडीच कोटी होते. २०१९ मध्ये १४६ कोटी झाले. जे वाढले त्यांत आपण आहोत, आणि आपली पाळी आत्ताच आली आहे.

बर्फाचं मात्र कुणाच्याच पाळीने भागत नाही. स्वित्झर्लंडमधल्या टिटलिसला वर शाहरुख-काजोलचा कटआउट आहे, तिथे फोटोसाठी रांग लागते. हल्ली उन्हाळ्यात त्याच डोंगरावर बर्फ वितळू नये म्हणून पांढरी कापडं अंथरलेली दिसतात. एका छोट्या मुलीने विचारलं, “बर्फाला थंडी वाजते का?” तिच्या आईला हसू आलं, मला नाही आलं. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत दहा टक्के बर्फ गमावला. आणि त्या मुलीला तो दाखवायला मी मुंबईहून विमानाने आणलं होतं. यावर मला काही उत्तर सापडलेलं नाही. विमान सोडून चालत जा असं सांगून माझं पोट भरणार नाही.

हे पोट किती कच्चं आहे ते २०२० मध्ये कळलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी शेवटचा गट परत आणला. त्यानंतर सगळं थांबलं. त्या वर्षी जगभरातले १४६ कोटींचे ४० कोटी झाले. आमच्यासारख्यांना पगार थोडा, खरी कमाई टूरवरच्या भत्त्याची आणि टिपेची. टूर नाही म्हणजे काहीच नाही. मी डोंबिवलीचं घर बंद करून माहेरी दिवेआगरला गेले.

दिवेआगर म्हणजे श्रीवर्धनच्या बाजूचं, सुपारीच्या वाड्यांचं गाव. १९९७ मध्ये एका वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला आणि तेव्हापासून पाट्यांवर पाट्या लागत गेल्या: ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’. २०१२ मध्ये तो चोरीला गेला तेव्हा आमच्या गावानेही धंदा थंडावणं म्हणजे काय ते पाहिलं. मी गेले त्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दुपारी तीन तास आम्ही माजघरात बसून होतो. बाहेर येऊन बघतो तर वाडीत ऊन पडलेलं. माझ्या जन्मात आमच्या वाडीत जमिनीवर ऊन पडलेलं मी पाहिलं नव्हतं. पोफळी एकावर एक आडव्या. आई ओटीवरून खाली उतरलीच नाही.

नवी पोफळ लावली तर सुपारी हाती यायला सात-आठ वर्षं. दादा तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. त्याने निम्मी वाडी लावली आणि उरलेल्या निम्म्यात कर्ज काढून सहा खोल्या बांधल्या. त्याला मी काय शहाणपण शिकवणार? खोल्या झाल्या म्हणून भाचा पनवेलची नोकरी सोडून घरी आला, त्याचं लग्न झालं, घरात पाळणा हलला. गुरुजींच्या भाषेत सांगायचं तर आमच्या घराचा पट वाढला. आमच्या शेजारची वाडी मात्र बाहेरच्या माणसाने घेतली. तिथे पोहण्याचा तलाव आणि चार बंगले आहेत, सोमवार ते गुरुवार कुलूप असतं. तलाव भरतो तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी तळाला जातं. वहिनी आता पहाटे चारला पंप लावते, सहा खोल्यांच्या न्हाण्यांसाठी.

शनिवारी रात्री अकरा-साडेअकराला गाड्या येतात. कुणीतरी गाडी थेट किनाऱ्यावर नेतं, ती वाळूत रुतते, मग ट्रॅक्टरवाल्याला उठवायचं. रविवारी दहाला खोली सोडून हरिहरेश्वर, श्रीवर्धन करून संध्याकाळी घाट चढायचा असतो. एकदा मी सुट्टीवर असताना एक तरुण जोडपं ओटीवर आलं. आई सुपारी सोलत बसली होती. मुलाने विचारलं, “आजी, आमच्याकडे दोन तास आहेत. इथे दोन तासांत काय बघून होईल?”

आईने वर पाहिलं. म्हणाली, “दोन तासांत ना? भात शिजेल, आमटी होईल. जेवा आणि जा.”

ती दोघं हसली आणि खरंच जेवून गेली. मी आत उभी राहून ऐकत होते. दोन तासांत काय बघून होईल, या प्रश्नाचं छापील उत्तर विकूनच मी एकोणीस वर्षं जगले आहे. ओटीच्या आतल्या बाजूने तो प्रश्न कसा ऐकू येतो ते त्या दिवशी कळलं.

धंदा मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. २०२४ मध्ये जगाचा आकडा पुन्हा १४० कोटींवर गेला. आमच्या गाड्या भरलेल्या आहेत. मी फक्त दोन बारीक गोष्टी बदलल्या. काचेच्या कारखान्यातला थांबा निम्मा केला, त्यावरून ऑफिसची बोलणी खाल्ली. आणि वाचलेल्या वेळात ज्यांना चालवतं त्यांना रिआल्टोकडे घेऊन जाते. ती पाटी आमच्या छापील कार्यक्रमात नाही. माझ्याबरोबर किंवा दुसऱ्या कुणाबरोबर व्हेनिसला गेलात तर गाइडला विचारा: सान बार्तोलोमेओचा चौक, औषधांचं दुकान, खिडकीत लाल आकडे. डायरीत उतरवून घ्या. गुरुजींनी घेतला तो आकडा आणि तुमचा, किती फरक पडला ते मला कळवा.